व्यसनमुक्तीचे औषध आणि दवाखान्याचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यसनमुक्ती हा शब्द उच्चारला की प्रबोधन, शपथ, शिबिर आणि निर्धार यांचे चित्र सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. या साऱ्यांचे मोल मोठे आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र त्यांच्या शेजारचा असूनही क्वचितच चर्चिला जातो. अफूपासून किंवा तिच्यासारख्या रसायनांपासून तयार होणाऱ्या मादक पदार्थांच्या व्यसनावर गुणकारी औषधे आज उपलब्ध आहेत. ती वस्तीतील साध्या दवाखान्यातूनही देता येतात. तथापि ती देण्याचा खर्च कोणी सोसावा आणि कोणत्या हिशेबाने सोसावा, यावर ती रुग्णापर्यंत पोचणार की नाही हे बव्हंशी ठरते. धर्मादाय दवाखाने चालविणाऱ्या संस्थांना या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. या बाबतीतला सर्वांत विस्तृत, आणि सर्वांत मोठी किंमत मोजून मिळविलेला, अनुभव अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या गाठी आहे. म्हणून प्रस्तुत विवेचन प्रामुख्याने त्या देशाविषयी आहे.

दुर्गुण की व्याधी?

हेरॉइन, मॉर्फिन, वेदनाशामक म्हणून दिल्या जाणाऱ्या काही तीव्र गोळ्या आणि अलीकडे फेंटॅनिल, हे सर्व पदार्थ मेंदूतील एकाच प्रकारच्या ग्राहकस्थानांवर जाऊन बसतात. दीर्घकाळ सेवन झाले की शरीर त्यांना सरावते. मग पदार्थ मिळाला नाही तर डोळ्यांनाकातून पाणी वाहते, उलट्या व जुलाब होतात, अंग मोडून येते आणि झोप नाहीशी होते. या यातना चुकविण्यासाठीच पुढचे सेवन घडते. सुखाची ओढ केव्हाच मागे पडलेली असते.

काही दिवस रुग्णालयात ठेवून शरीर ‘स्वच्छ’ केले की काम झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ही समजूत घातक ठरते. सेवन थांबले की शरीराची सहनशक्ती ओसरते. ओढ मात्र महिनोन्‌महिने टिकते. अशा अवस्थेत माणूस पुन्हा जुन्याच मात्रेकडे वळला तर त्याचा श्वास थांबतो. तुरुंगातून किंवा शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वाधिक धोक्याचे असतात, ते याच कारणामुळे.

औषधे आणि त्यांवरील आक्षेप

या व्याधीवर मुख्यत्वे तीन औषधे वापरली जातात. पहिले मेथाडोन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी त्याचा उपचारातील उपयोग दाखवून दिला आणि १९६५ मध्ये अवघ्या २२ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दिवसातून एकदा घेतलेल्या मात्रेने रुग्णाची तडफड थांबते आणि तो कामधंद्याला लागू शकतो. दुसरे ब्युप्रेनॉर्फिन. इंग्लंडमधील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये ते प्रथम तयार झाले. ते ग्राहकस्थानावर घट्ट बसते, पण त्याला अर्धेमुर्धेच चेतविते. त्यामुळे एका मर्यादेनंतर मात्रा वाढविली तरी श्वासावरील परिणाम फारसा वाढत नाही. जिभेखाली ठेवून विरघळू देण्याची ही गोळी साध्या दवाखान्यात देण्याजोगी सुरक्षित ठरली, ती या गुणामुळे. तिसरे नाल्ट्रेक्सोन. ते ग्राहकस्थान अडवून धरते; मात्र ते सुरू करण्यापूर्वी रुग्णाला सात ते दहा दिवस अफूजन्य पदार्थांपासून पूर्ण दूर राहावे लागते आणि तेवढेच अनेकांना जमत नाही.

एक व्यसन सोडवून दुसरे लावण्याचाच हा प्रकार नव्हे काय, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो सद्‌हेतूने घेतला जातो, म्हणून त्याचे उत्तर पुराव्यानेच द्यावयास हवे. स्वीडनमध्ये झालेला आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास या संदर्भात डोळे उघडणारा आहे. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ४० व्यक्तींचे दोन समान गट करण्यात आले. समुपदेशन आणि देखरेख दोन्ही गटांना सारखीच होती. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन मिळाले. दुसऱ्या गटाला ते सहा दिवसांत कमी करीत आणून पुढे निव्वळ औषधविरहित गोळी देण्यात आली. वर्षअखेर पहिल्या गटातील तीन-चतुर्थांश व्यक्ती उपचारात टिकून होत्या. दुसऱ्या गटातील एकही टिकली नाही आणि त्या वीसपैकी चार व्यक्ती मरण पावल्या होत्या. पुढे २०१७ मध्ये अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार मेथाडोनच्या उपचारात असताना दर हजारी वार्षिक मृत्युप्रमाण सुमारे ११ होते, तर उपचार सुटल्यावर ते सुमारे ३६ होते. ब्युप्रेनॉर्फिनच्या बाबतीत हेच आकडे सुमारे ४ आणि ९ असे होते. मधुमेहाच्या रुग्णाने रोज इन्शुलिन घ्यावे याला कोणी व्यसन म्हणत नाही. जीवन उद्‌ध्वस्त होत असतानाही सेवन थांबविता न येणे, हे व्यसनाचे लक्षण आहे. औषध घेऊन संसार सावरणे हे त्याच्या नेमके उलटे लक्षण होय. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन या दोहोंचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

कायद्याचा अडसर

अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याचा आणि त्यानंतरच्या न्यायालयीन निर्णयांचा परिणाम असा झाला की, व्यसनी रुग्णाला अफूजन्य औषध लिहून देणारा डॉक्टर स्वतःच गुन्हेगार ठरू लागला. पुढे मेथाडोनला मान्यता मिळाली तरी ते केवळ खास परवानाप्राप्त केंद्रांतूनच देण्याचे बंधन राहिले. रुग्णाने रोज पहाटे दूरच्या केंद्रात जाऊन रांगेत उभे राहावयाचे आणि परिचारिकेसमोर मात्रा प्यावयाची, असा शिरस्ता पडला. ज्याला सकाळच्या पाळीची नोकरी आहे, जिच्या कडेवर मूल आहे, त्यांच्यासाठी ही रांग म्हणजे दुसरी शिक्षाच होती.

फ्रान्सने वेगळा मार्ग स्वीकारला. तेथे १९९६ पासून सर्वसाधारण डॉक्टर आपल्या दवाखान्यातून ब्युप्रेनॉर्फिन देऊ लागले. अतिमात्रेमुळे होणारे मृत्यू १९९५ ते १९९९ या काळात ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने २००० मध्ये कायदा करून आणि २००२ मध्ये औषधाला मान्यता देऊन हीच वाट धरली, परंतु संकोचाने. डॉक्टरने आठ तासांचे प्रशिक्षण घ्यावे, विशेष अनुज्ञा मिळवावी आणि आरंभी केवळ ३० रुग्णांवर उपचार करावेत, असे नियम झाले. ही मर्यादा पुढे १०० आणि २०१६ मध्ये काही डॉक्टरांसाठी २७५ करण्यात आली. गंमत अशी की, ज्या वेदनाशामक गोळ्यांनी हे व्यसन घरोघरी नेले, त्या लिहून देण्यावर रुग्णसंख्येचे असे कोणतेही बंधन नव्हते. अखेर डिसेंबर २०२२ अखेरच्या कायद्याने ही विशेष अनुज्ञा रद्द झाली. अतिमात्रेचे मृत्यू २०२१, २०२२ व २०२३ या प्रत्येक वर्षी एक लाखाच्या वर राहिले होते. २०२४ मध्ये ते सुमारे ८० हजारांपर्यंत उतरले.

येथे एक लक्षणीय गोष्ट घडली. अनुज्ञेची अट गेल्यावर औषध लिहून देणाऱ्यांची संख्या वाढली, पण औषध घेणाऱ्या रुग्णांची संख्या त्या प्रमाणात वाढली नाही. कायद्याचे कुलूप निघाले तरी दार पुरते उघडले नाही. त्या दारामागे हिशेबाची दुसरी कडी होती.

वस्तीतील दवाखाना आणि भेटीचा हिशेब

अमेरिकेत गरीब वस्त्यांतून आणि दूरच्या खेड्यांतून काम करणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांची परंपरा १९६५ मध्ये सुरू झाली. बोस्टन शहरातील कोलंबिया पॉइंट आणि मिसिसिपीमधील माउंड बायू ही त्यांतील पहिली केंद्रे. या केंद्रांच्या घटनेतील दोन गोष्टी कोणत्याही विश्वस्त संस्थेने अभ्यासाव्यात अशा आहेत. पहिली म्हणजे, संचालक मंडळातील किमान ५१ टक्के सदस्य हे त्या केंद्राचे रुग्णच असावे लागतात. दुसरी म्हणजे, शुल्क रुग्णाच्या उत्पन्नानुसार उतरत्या श्रेणीने आकारले जाते आणि पैसे नाहीत म्हणून कोणालाही परत पाठविता येत नाही.

केंद्र चालविण्यास पैसा तर लागतोच. त्याचा मोठा भाग मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विमायोजनेतून येतो. अफूजन्य व्यसनाने ग्रस्त असलेल्या, ज्येष्ठ वयाखालील प्रौढांपैकी मोठ्या हिश्शाचा भार ही एकच योजना वाहते. या केंद्रांना मेडिकेडकडून मिळणारी रक्कम २००१ पासून ‘दर भेटीमागे ठरावीक दर’ या पद्धतीने मिळते. सर्वसाधारणपणे डॉक्टर, प्रगत परवान्याची परिचारिका, मानसशास्त्रज्ञ किंवा परवानाधारक समाजकार्यकर्ता यांच्याशी समक्ष झालेली भेट ही ‘देयकास पात्र’ भेट समजली जाते.

आता या उपचाराचे प्रत्यक्ष स्वरूप पाहावे. ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी केव्हा द्यावी याला फार महत्त्व आहे. रुग्णाला पदार्थ न मिळाल्याची लक्षणे दिसू लागण्यापूर्वी ती दिली, तर तीच गोळी त्याला एकाएकी तीव्र यातनांत ढकलते. म्हणून त्याला समजावून सांगावे लागते, लक्षणे मोजावी लागतात, पहिल्या दोन-तीन दिवसांत वारंवार दूरध्वनी करावा लागतो. एखादे औषध दुकान ही गोळी ठेवीत नसेल तर दुसरे शोधून द्यावे लागते. भेट चुकली तर चौकशी करावी लागते. घर सुटले असेल तर निवाऱ्याची सोय पाहावी लागते. ही सारी कामे सामान्य परिचारिका किंवा सहायक कार्यकर्ती करते, आणि रुग्ण टिकतो तो त्यांच्यामुळेच. पण भेटीच्या हिशेबात यांतील बहुतेक कामांना जागा नाही. डॉक्टरने पंधरा मिनिटांत चिठ्ठी लिहिली तर देयक तयार होते. परिचारिकेने तास खर्चून रुग्णाला परत आणले तर त्या तासाची नोंद कोठेच होत नाही. ज्या कामाची नोंद चोपडीत नाही, ते काम करणारी व्यक्ती पुढील अंदाजपत्रकात टिकत नाही.

तीन तोडगे

या अडचणीवर निघालेल्या वाटांपैकी तीन विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिली मॅसॅच्युसेट्स राज्याची. बोस्टन मेडिकल सेंटरमध्ये २००३ पासून परिचारिकेला उपचाराच्या केंद्रस्थानी ठेवणारी पद्धत विकसित झाली. तपासणीची पूर्वतयारी, औषधाचा आरंभ, पाठपुरावा आणि अडीअडचणी परिचारिका सांभाळी; डॉक्टर निदान करी आणि औषध लिहून देई. राज्य शासनाने २००७ पासून ही पद्धत १४ सामुदायिक आरोग्य केंद्रांत नेली, परिचारिकांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली आणि आर्थिक पाठबळ दिले. तीन वर्षांत त्या केंद्रांतील अनुज्ञाप्राप्त डॉक्टरांची संख्या २४ वरून ११४ झाली. शेजारी जाणती परिचारिका उभी असेल तर डॉक्टरही हा उपचार हाती घेण्यास कचरत नाही, हा यातील धडा आहे.

दुसरी वाट व्हर्माँट या छोट्या राज्याची. तेथे २०१३ पासून ‘चाकाचा तुंबा आणि आरे’ अशी रचना करण्यात आली. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मोजकी मोठी केंद्रे म्हणजे तुंबा. स्थिरावलेल्या रुग्णांसाठी गावोगावचे नेहमीचे दवाखाने म्हणजे आरे. महत्त्वाची गोष्ट अशी की, मेडिकेडच्या दर शंभर रुग्णांमागे एक परिचारिका आणि एक समुपदेशक यांचे वेतन योजनेतून देण्यात आले. किती भेटी झाल्या, यावर ते वेतन अवलंबून नव्हते. त्यामुळे दवाखान्याला भेटी वाढविण्याचा मोह राहिला नाही आणि रुग्णाकडे लक्ष देण्यास मोकळीक मिळाली.

तिसरी वाट मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठ व अपंग नागरिकांसाठीच्या विमायोजनेची. या योजनेने २०२० पासून साध्या दवाखान्यातील उपचारासाठी मासिक एकत्रित देयकाची सोय केली. पहिल्या महिन्यात किमान ७० मिनिटे आणि पुढील प्रत्येक महिन्यात किमान ६० मिनिटे असा सेवेचा कालावधी धरला जातो. त्यात उपचाराचे नियोजन, समन्वय आणि समुपदेशन यांचा समावेश असतो. अधिक वेळ लागल्यास दर अर्ध्या तासाची जादा नोंद करता येते. याच वर्षापासून मेथाडोन केंद्रांनाही साप्ताहिक एकत्रित रक्कम मिळू लागली. त्यापूर्वी मेडिकेअर या केंद्रांतील मेथाडोनचा खर्च देतच नव्हती, ही गोष्ट आज वाचताना नवल वाटते.

सावधगिरीचे मुद्दे

पैशाची वाट मोकळी झाली की तिच्यावर चोरपावलेही उमटतात. अमेरिकेत लघवीच्या तपासणीचे देयक हा काही प्रयोगशाळांनी लुटीचा मार्ग बनविला. वास्तविक ही तपासणी रुग्णाला मदत करण्याचे साधन आहे. पण प्रत्येक भेटीत डझनावारी घटकांची महागडी चाचणी करून विमायोजनांकडून रकमा उकळण्यात आल्या आणि अनेकांवर खटले झाले. दुसरीकडे काही दवाखान्यांनी विमा स्वीकारणेच सोडून रोख शुल्क घेण्याचा प्रघात पाडला. ज्याच्या हाती रोकड नाही त्याला औषध नाही, अशी स्थिती त्यामुळे झाली.

उलट टोकाला विमा कंपन्यांची पूर्वपरवानगीची अट होती. औषध लिहून दिल्यावर मंजुरी येण्यास एक-दोन दिवस लागणे एरवी फारसे बिघडविणारे नसते. पण हा रुग्ण मोठ्या धीराने, यातनांच्या उंबरठ्यावर दवाखान्यात आलेला असतो. त्याला ‘परवा या’ म्हणणे म्हणजे त्याच संध्याकाळी विक्रेत्याच्या दारी पाठविणे होय. अनेक राज्यांनी ही अट काढून टाकली, ती याच अनुभवामुळे. आता २०२५ च्या कायद्याने अनेक प्रौढांच्या मेडिकेड पात्रतेला कामाची अट जोडली असून राज्यांना ती २०२७ च्या आरंभापर्यंत अंमलात आणावयाची आहे. व्यसनाच्या व्याधीने ग्रस्त असलेल्यांना सूट आहे. परंतु ती सूट कागदोपत्री सिद्ध करण्याचे काम पुन्हा त्याच रुग्णावर आणि त्याच परिचारिकेवर पडण्याचा संभव आहे.

गोपनीयतेचा प्रश्नही देयकाशी निगडित आहे. प्रत्येक देयकावर रोगाचे नाव सांकेतिक अंकांत लिहिलेले असते आणि ते अनेक टेबलांवरून जाते. नोकरी जाईल, मूल काढून घेतले जाईल, या भयाने रुग्ण येतच नाही. म्हणून व्यसनोपचाराच्या नोंदींसाठी त्या देशात १९७० च्या दशकापासून सर्वसाधारण नोंदींहून कडक नियम आहेत.

येथील विचार

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईच्या गल्ल्यांतून १९८० च्या दशकात पसरलेल्या ब्राउन शुगरने ‘गर्द’ हा शब्द मराठीत रूढ केला. अनिल अवचट यांनी त्या जगाचे लेखन केले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभे राहिले. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात अफूजन्य पदार्थांचे सेवन करणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक होते आणि त्यांपैकी सुमारे ७७ लाखांना उपचाराची गरज होती. ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार भारतात दीर्घकाळ चालू आहे. पंजाब राज्याने २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून तो मोठ्या प्रमाणावर दिला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानेही मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक विकारांचा समावेश मानसिक आजारांच्या व्याख्येत केला आहे.

भारतातील औषधे देण्याचे नियम, परवाने आणि अटी वेगळ्या आहेत. तेव्हा अमेरिकेची नक्कल करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तथापि जमाखर्चाचे तत्त्व कोठेही तेच राहते. धर्मादाय दवाखान्याच्या वार्षिक अहवालात किती रुग्ण तपासले, किती गोळ्या वाटल्या, किती शिबिरे झाली, याचे आकडे असतात. व्यसनाच्या उपचारात खरा आकडा दुसराच आहे. सहा महिन्यांनंतर किती रुग्ण उपचारात टिकले, आणि जे सुटले त्यांच्यापैकी किती जणांच्या दारी कोणी जाऊन आले, हा तो आकडा. तो लिहिण्यासाठी स्वतंत्र रकाना आखावा लागेल आणि तो भरणाऱ्या परिचारिकेचे वेतन खर्चाच्या बाजूस मांडावे लागेल. इमारतीच्या कोनशिलेसाठी देणगीदार मिळतो. पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेच्या पगारासाठी तो क्वचितच मिळतो. पण स्वीडनच्या त्या वीस जणांतील जे चार गेले, त्यांना समुपदेशनाची वाण नव्हती. टिकून राहण्यासाठी लागणारे औषध तेवढे त्यांच्या वाट्याला आले नव्हते.

सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी संस्था मागील पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडते आणि पुढील वर्षांचे संकल्प सोडते. त्या संकल्पांत अशा एखाद्या रकान्याला जागा मिळाली, तर ज्याच्यासाठी घरचेही दार बंद झाले आहे अशा माणसाला दवाखान्याचे दार उघडे सापडेल.